कमल दारातून निघाली

मालू,

भावाचं कार्ड आलं तेव्हा मी दारात बसून गहू निवडत होते. चारच ओळी. पहिली ओळ, 'मालूताई गेल्या.' शेवटची ओळ, 'बाकी इकडे सर्व ठीक.' ती शेवटची ओळ मी कितीदा तरी वाचली. कार्ड लिहायला घेतलं की हात आपोआप तसं लिहितो, त्यात भावाचा दोष नाही. पण तू गेल्यावर पनवेलात ठीक म्हणण्यासारखं काय उरलं, ते मला इथे इटारसीत बसून काही कळेना.

शाळा तुझ्या आठवणींची पुस्तिका काढणार आहे. भावानं तिथे परस्पर सांगून टाकलं, माझी बहीण त्यांच्याबरोबर एका वर्गात होती, ती लिहील. मी लिहीन! चौथी पास बाई मी. पेन हातात घेतलं की अजून वाटतं, तू मागून डोकावशील आणि म्हणशील, "हिरे, वेलांटी कुणाला दान केलीस?" तुझा जन्म, तुझं ट्रेनिंग, तुझ्या हाताखालून किती पोरी गेल्या, हे सगळं तुझ्याबरोबरच्या बाई लिहितील आणि माझ्यापेक्षा नीट लिहितील. मला ठाऊक आहे ते एवढंच, की तू दारातून कशी पळालीस.

दुसरीचं पुस्तक आठवतं? त्यात 'सकाळ' नावाचा धडा होता. 'मुले सकाळी मोकळ्या हवेत फिरायला जातात.' बाईंनी विचारलं, कुणाला काही शंका? मी हात वर केला. "बाई, काय आणायला जातात?" सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. मला कळेना, यात हसायचं काय? आमच्या रोडपाली गावात चालणारं माणूस काहीतरी आणायला निघालेलं असतं नाही तर द्यायला. नुसतं फिरायला कोण जातं? मधल्या सुट्टीत तू जवळ आलीस. बाजारपेठेतल्या दुकानदाराची मुलगी तू, माझ्याशी तोवर धड बोललीही नव्हतीस.

"खरंच ठाऊक नव्हतं तुला?"

"नव्हतं. रिकाम्या हातानं कोन चालतं?"

"चल, दाखवते."

शाळा सुटल्यावर तू मला तळ्यापर्यंत फिरायला नेलंस. माझी पंचाईत अशी झाली की हात कुठं ठेवायचे ते कळेना. ते आपले दोन्ही बाजूंना लोंबकळत होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. येताना मी वाटेवरच्या चार काटक्या वेचल्या, तेव्हा कुठं बरं वाटलं. तू म्हणालीस, "टाक त्या, हे फिरणं आहे." मी म्हटलं, "आमची चूल तुझ्या पुस्तकावर पेटत नाय." तू एवढी हसलीस की तळ्यावर धुणं धुणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. आपली मैत्री तिथून.

त्याच पुस्तकात कमल होती. गोपाळ आणि कमल. गोपाळ अंगणात आला. गोपाळने चेंडू फेकला. गोपाळ चेंडूमागे धावला. कमल दारात उभी आहे. कमल हसते. वर चित्र होतं: गोपाळचे दोन्ही पाय हवेत, आणि कमल चौकटीला हात लावून उभी, दोन लांब वेण्या पुढे घेतलेल्या.

आपल्या बाईंची पद्धत अशी की धडा आधी करायचा, मग वाचायचा. शाळा मुलींची, त्यामुळे गोपाळही मुलगीच लागायची. गोपाळ नेहमी मी. मी सकाळी मासळीवाल्या बायांच्या सोबतीनं शाळेला यायची. त्या डोक्यावर टोपली घेऊन चालत नाहीतच, अर्धवट पळतात, उन्हाच्या आधी बाजार गाठायचा असतो. मागे पडलं तर खाडीचा बांध एकटीनं पार करावा लागे, त्या भीतीनं माझे पाय पळायला शिकले. आणि कमल तू. का? तर तू गोरी, आणि तुझ्या वेण्या चित्रातल्यासारख्या लांब.

शाळा तपासायला डिपोटीसाहेब येणार म्हणून त्या धड्याची तालीम सुरू झाली. बाई वाचायच्या, आपण करायचं. 'गोपाळ धावला.' मी धावायची. 'कमल दारात उभी आहे.' तू उभी. 'कमल हसते.' तू हसायचीस. दर तालमीला माझं धावणं वाढत गेलं आणि तुझं हसणं आटत गेलं, हे मला दिसत होतं. पण त्याचा अर्थ लावायचं ते वय नव्हतं.

साहेब आले. पडवीत खुर्ची टाकली, फुलं दिली. सगळ्या पोरींचे परकर धुतलेले, डोकी तेलानं चपचपीत. मी चिंध्यांचा चेंडू फेकला आणि धावले. मागून बाईंचा आवाज, 'कमल दारात उभी आहे.' आणि माझ्या बाजूनं काहीतरी सूं करून गेलं. तू! परकर दोन्ही मुठींत धरलेला, वेण्या पाठीवर उडतायत. मला ओलांडलंस, चेंडूला ओलांडलंस, फाटकाबाहेर. पोरी ओरडायला लागल्या, "कमल पळाली! बाई, कमल पळाली!" आता गोपाळनं काय करायचं ते पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी आपली तुझ्यामागे. मासळीवाल्यांबरोबर पळणारी मी, आणि तळ्याच्या पायरीपर्यंत तू मला सापडली नाहीस.

परत आलो तेव्हा साहेब चष्मा पुसत बसले होते. बाईंचा चेहरा पांढरा.

"काय गं," साहेब म्हणाले, "हे कुठल्या धड्यात आहे?"

तुला श्वास पुरत नव्हता. तरी म्हणालीस, "पुढच्या, साहेब."

साहेबांनी खरंच पान उलटलं. "इथे तर गाय आहे."

"गाईच्या पुढच्या."

साहेबांनी पुस्तक मिटलं. ते हसले की खोकले हे अजून ठरलेलं नाही. बाईंनी शिक्षा काय द्यावी? तुला दिवसभर वर्गाच्या दारात उभं केलं! मला तुझ्यामागे पळाल्याबद्दल दाराच्या दुसऱ्या अंगाला. तू माझ्याकडे बघून हळूच म्हणालीस, "बघ, आता गोपाळपण दारात."

चौथी झाली आणि माझी शाळा संपली. आमच्याकडे मुलगी चौथीपर्यंत गेली हेच पुष्कळ होतं, मला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. वाईट तुला वाटलं. पाचवीत असताना एका शनिवारी शाळा सुटल्यावर तू माझ्या आईशी भांडायला थेट मिठागरावर आलीस, पायात चपला घालून. दिवाळी नुकतीच झालेली. मीठ धरायच्या आधी आगराचा तळ तुडवून घट्ट करायचा असतो, तेच चाललं होतं. ओळीनं उभ्या बाया, एकमेकींच्या खांद्यावर हात, आणि पाय एका ठेक्यात.

"हिराला शाळेत पाठवा," तू बांधावरूनच म्हणालीस.

आईनं पाय थांबवले नाहीत. "चपला काढ गो बाय. आगराला चपला चालत नाय."

तू काढल्यास. आत पाय टाकलास आणि धपकन बसलीस. परकर, हात, वेण्या, सगळं काळं. बायांचा ठेका हसण्यानं मोडला. आई म्हणाली, "पुस्तकान नाय लिवलेला का गो, चिखल पाय धरतो म्हनून?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तू उठलीस, आईच्या खांद्यावर चिखलाचा हात ठेवलास, आणि तुडवायला लागलीस. ठेका चुकत होता, पण थांबली नाहीस. निघताना पाय पांढरे पडलेले, खाऱ्या पाण्यानं चिरलेले. बांधावर बसून ते धुता धुता विचारलंस, "हिरे, हे पुस्तकात का नाही?"

मला काय ठाऊक? मी म्हटलं, "पुस्तक लिवनाऱ्याचे पाय दुखत असतील."

आईनं काही मला शाळेत पाठवलं नाही. पण तू शाळाच माझ्याकडे पाठवायला लागलीस. दर मे महिन्यात तुझी इयत्ता संपली की तिचं पुस्तक बाजाराच्या दिवशी माझ्या टोपलीत पडायचं. पाचवीचं, सहावीचं, सातवीचं. आज हे चार शब्द मला जुळवता येतात ते त्या पुस्तकांमुळे, मालू, आणि हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू 'गप गं' म्हणाली असतीस. आता गप म्हणायला तू नाहीस, म्हणून लिहून ठेवते.

त्या पुस्तकांत आपण दोघी कमलला शोधायचो. नाव बदललेलं असायचं, पण ती ओळखू यायची. पाचवीत तिचा भाऊ पोहायला शिकला आणि ती काठावर कपडे धरून बसली. सहावीत मुलं टेकडीवर गेली, तिनं शिदोरी बांधून दिली. सातवीचं पुस्तक देताना तू म्हणालीस, "हिरे, वाईट बातमी आहे. आता तर ती दारातही नाही. आत स्वयंपाकघरात गेली." आणि त्या पुस्तकांमध्ये व्यायामाचे धडे काय कमी होते? जोर, बैठका, कवायत, पहाटेचं फिरणं. सगळी मुलं ताठ उभी. घाम कुणालाच नाही. आपल्या फुगड्या नाहीत, लंगडी नाही, मासळीवालीचं पळणं नाही, भात लावणं नाही. शरीर असायचं ते फक्त मुलांना, आणि तेही सकाळी सहा ते सात.

मग माझं लग्न झालं. नवरा रेल्वेत, म्हणून मी इटारसीच्या क्वार्टरमध्ये. तू बाई झालीस, आपल्याच शाळेत. पहिल्या खेपेला माहेरी आले तेव्हा तू मला वर्गात मागे बसवलंस. बाकाच्या अगदी कडेला टेकले, कुणी उठवेल की काय. तू तोच धडा घेतलास. पुस्तक नवं होतं, चित्र रंगीत झालं होतं, पण चौकट तीच. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला लावलंस आणि विचारलंस, "हं, आता पुढचा धडा. कमल दारातून निघाली. कुठं गेली?"

पोरी तुटून पडल्या. "बाई, चिंचेवर चढली!" "बाई, म्हशीबरोबर पाण्यात गेली!" "आयसंगती भात लावाया गेली!" जिनं जे सांगितलं ते तिनं अंगणात करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी तिच्यामागून करायचं, अशी तुझी रीत. पाटी नाही, लिहिणं नाही. सगळा वर्ग वाकून हवेत रोपं लावत होता. एक बारकी पोर मात्र तशीच बसून राहिली. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "बाई, माझी कमल निजली. दिवसभर भावाला कडेवर घेतलावता." पोरी हसल्या. तू हसली नाहीस. "शाबास," म्हणालीस, आणि सगळ्या वर्गाला जमिनीवर आडवं केलंस. डोळे मिटून, अगदी चिडीचूप. तूसुद्धा.

त्या संध्याकाळी शाळेच्या पायरीवर आपलं भांडण झालं. खरं म्हणजे भांडले मी. माझ्या मनात आई होती. ती तोवर वाकली होती, चुलीपासून उठताना भिंत धरायची.

"तुझ्या धड्यात सगळ्या कमली भात लावतात, पाणी आणतात, छान दिसतं," मी म्हटलं. "पण तुमचं पुस्तक सांगतं, व्यायामानं शरीर सुदृढ होतं. माझ्या आईएवढं अंग आख्ख्या पनवेलात कुणी हलवलं? मग तिची कंबर का गेली? ते घालशील धड्यात?"

तू म्हणालीस, "थांब. विचार करून सांगते."

दर खेपेला मी विचारायची, "माझ्या उत्तराचं काय झालं?" आणि तू म्हणायचीस, "चाललाय विचार. मी काय तुझ्या नवऱ्याची गाडी आहे, वेळेवर यायला?" आई गेली त्या वर्षी मात्र तू ही थट्टा केली नाहीस. आगरावर जाऊन बांधावर बसून आलीस, असं भाऊ म्हणाला. उत्तर काही तू दिलं नाहीस. खोटं उत्तर दिलं नाहीस याचं मला अजून बरं वाटतं.

आणि मग गेला मे महिना.

माझी कुंदा आठ वर्षांची. तू तिला तुझ्या घराच्या ओटीवर बघितलंस. गल्लीतल्या पोरी लंगडी घालत होत्या आणि ही चौकटीला हात लावून उभी, हसत. तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "हिरे, ही कमल कुठून आणलीस?"

मला ते लागलं, मालू. तुला इथलं ठाऊक नव्हतं. आमच्या क्वार्टरच्या मागे रुळांचं जाळं आहे. डबे ढकलले जातात ते आवाज न करता येतात. शेजारच्या ओळीतला एक मुलगा पतंगामागे गेला आणि त्याचा पाय गेला. इथे ना माझी भाषा, ना माझं माणूस. कुंदा नजरेआड झाली की मी हाका मारत सुटते. ओट्याच्या खाली उतरायचं नाही, हे मीच तिला शिकवलं, आणि ती शहाणी, शिकली. हे सगळं तुला सांगायचं होतं. पण मी कुंदाचा हात धरला आणि निघाले. मागून तुझा आवाज आला, "चिडलीस का गं? चीड, चीड. चिडलीस की तू जोरात चालतेस."

हे तुझं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य. तेव्हा वळून बघितलं नाही. पण गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मी हसत होते, हे तुला कोण सांगणार?

तुझं कार्ड आलं, म्हणजे तुझ्याबद्दलचं, त्या दिवशी कुंदा अभ्यास करत होती. इथे शाळा हिंदी. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसलेली, आणि ओट्यावरून तिचं मोठ्यानं वाचणं येत होतं. 'मोहन गेंद खेलता है. मोहन दौड़ता है. राधा खिड़की से देखती है.' रडता रडता मला हसू फुटलं. मी बाहेर येऊन पुस्तक बघितलं. मालू, ती इथेही आली आहे! एवढ्या लांब, दुसऱ्या भाषेत, नाव बदलून. आणि दाराची आता खिडकी झाली आहे.

कुंदानं माझे डोळे बघितले. "आई, काय झालं?"

मग तिला सगळं सांगितलं. तू, कमल, डिपोटीसाहेब, गाय. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. 'गाईच्या पुढच्या' ऐकल्यावर खदखदून हसली. नंतर बोटानं राधेची खिडकी पुसल्यासारखं करत म्हणाली, "आई, शाळेत शर्यत आहे. बहनजी म्हणाल्या घरी विचार. मी विचारलं नाही."

"का गं?"

"तू नाही म्हणणार होतीस ना."

मी त्या दिवशी हो म्हटलं नाही. खरं तेच लिहिते.  रात्रभर गाड्या मोजल्यासारख्या ऐकत पडले. सकाळी तिला शाळेत सोडायला मी स्वतः गेले आणि तिच्या बहनजींना माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "कुंदा दौड़ेगी." त्या म्हणाल्या, "अच्छा है, पर घर पर थोड़ा अभ्यास कराइए, बहुत डरती है." मी म्हटलं, "वो नहीं, मैं डरती है." बहनजी हसल्या. माझं हिंदी चुकलं असेल, पण बोलणं चुकलं नाही.

रुळांच्या बाजूला नाही, पुढच्या बाजूला मैदान आहे. पलीकडे निंबाची रांग. आठवडाभर रोज दुपारी कुंदा तिथे पळते आणि मी ओट्यावर बसून बघते. पहिल्या दिवशी ती अर्ध्या मैदानातच थांबली, मातीत फतकल मारून बसली आणि ओरडली, "आई, दमले!" मी उठणार तेवढ्यात ती बसल्या बसल्या मुंग्या बघायला लागली. थोडा वेळ गेला. कुणी तिला उठवलं नाही. मग ती आपली आपण उठली, फ्रॉक झटकला आणि पुन्हा पळाली.

आणि मला माझं उत्तर सापडलं, मालू. जे तू शोधत होतीस ते. कुंदा दमली तेव्हा तिला बसता आलं. आईला बसता येत नव्हतं. समुद्राचं पाणी आगराच्या कोंडीत भरलं की आई दमली आहे का हे कुणी विचारत नव्हतं. काम नि खेळ, घाम दोन्हीकडे सारखाच. बसायची मुभा मात्र एकाच ठिकाणी. तुझी ती बारकी पोर हेच सांगत होती, 'माझी कमल निजली' म्हणून. आणि तू सगळ्या वर्गाला आडवं केलंस, म्हणजे तुला उत्तर तेव्हाच कळलं असणार. मला सांगायला शब्द शोधत राहिली असशील. बाई होतीस ना, नेमकं सांगायची खोड.

शाळेतल्या पोरींना हे कुणीतरी वाचून दाखवेल. पोरींनो, तुमच्या बाईंचा पुढचा धडा बंद पडू देऊ नका. नव्या बाई आल्या आणि त्यांना ही रीत ठाऊक नसली, तर तुम्हीच पुस्तक मिटा आणि सांगा. कमल चढू दे, पोहू दे, भात लावू दे, आणि दमली की तिला निजू द्या.

मी हे दुपारी लिहिते आहे. शर्यत परवा. एक वाक्य लिहायचं, मान वर करायची, कुंदा दिसली की पुढचं वाक्य, असं चाललं आहे. म्हणून हे लिखाण तुकड्यातुकड्यांचं झालं, सांभाळून घे. ती पहिली येणार नाही, तिला अजून सरळ रेषेत पळताही येत नाही. येऊ दे कितवीही.

आत्ता मान वर केली तर ती निंबांच्या पलीकडे गेली आहे. दिसत नाही. परवा-परवापर्यंत मी इथूनच जोरात हाक मारली असती. आत्ताही मी चौकटीला हात लावून उभी आहे, हे माझं मला दिसतं आहे.

पेन ठेवते, मालू. दाराला कडी लावते आणि जाते. तिला परत बोलवायला नाही. मासळीवाल्यांबरोबर पळायची ती मी, अजून कुणाला गाठता येतं का, ते बघायला.

तुझी,
हिरा